रिचार्जचा तेरावा महिना

चांद २९ चा नाहीतर ३० चा. मोबाईल रिचार्जचा महिना मात्र बहुतेक वेळा २८ दिवसांचा! आम्ही हिशोब मांडला: वर्षाला १२ नव्हे, १३ रिचार्ज. घरात चार फोन असले की ४८ च्या जागी ५२. तक्रारी वाढल्यावर २०२२ मध्ये ट्रायने प्रत्येक कंपनीला किमान एक ३० दिवसांचा प्लॅन ठेवायला लावला. डिसेंबर २०२४ मध्ये फक्त कॉल-एसएमएसचा पॅकही सक्तीचा केला. पण दुकानदार आपणहून सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. अम्मीच्या बटणाच्या फोनला रोजचा दीड जीबी डेटा कशाला? पुढच्या वेळी एवढं विचारून तर बघू या. कंपनीने तक्रारीला दाद दिली नाही, तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहेच.