गाडीतलं इमर्जन्सी किट डिकीत असेल, तर ते वेळेवर कामी येईल का?

26 जुलै 2005. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईतले रस्ते पाण्याखाली गेले. त्या दिवशी काही जणांचा मृत्यू स्वतःच्याच गाडीत झाला. पाण्याच्या दाबामुळे दरवाजे उघडेनात, इलेक्ट्रिक खिडक्या बंद पडल्या आणि माणसं आत अडकली.

गाडीत काय काय ठेवावं, याच्या याद्या आता दर पावसाळ्यात व्हायरल होतात. पण कोणती वस्तू कुठे ठेवायची, हे त्यात क्वचितच असतं.

हाताशी काय हवं?

काच फोडायचं साधन आणि सीट बेल्ट कापायचं कटर. बेल्ट लावलेला असतानाही ड्रायव्हरचा हात पोहोचेल, अशा जागी ते घट्ट बसवलेलं हवं. गाडी पाण्यात गेली की डिकीपर्यंत जाणं शक्य नसतं.

हेडरेस्टने काच फुटते का?

सोशल मीडियावर तसा दावा फिरतो. पण हेडरेस्ट त्यासाठी बनवलेला नसतो आणि काही गाड्यांमध्ये तो निघतही नाही. त्यावर विसंबून राहू नका.

कोणतंही हॅमर चालेल?

नाही. समोरची काच लॅमिनेटेड असते. ती तडकते, पण सहज फुटून पडत नाही. बाजूच्या काचा बहुतेक गाड्यांत टेम्पर्ड असतात, त्यांच्या कोपऱ्याजवळ मारायचं असतं. काही नव्या गाड्यांत मात्र बाजूच्या काचाही लॅमिनेटेड असतात. अमेरिकेतल्या 'एएए' या वाहनचालकांच्या संघटनेने 2019 मध्ये अशी सहा साधनं तपासली. लॅमिनेटेड काच एकानेही फुटली नाही. टेम्पर्ड काचेवर स्प्रिंगवालं साधन हॅमरपेक्षा जास्त परिणामकारक ठरलं. पाण्याखाली हॅमर जोरात मारताही येत नाही.

तुमची काच कोणती, हे बहुतेक वेळा तिच्या कोपऱ्यातल्या छापावर लिहिलेलं असतं.

गाडी पाण्यात गेली तर?

पहिलं मिनिट महत्त्वाचं. दरवाजाशी झटापट करण्यात किंवा फोन लावण्यात ते घालवू नका. बेल्ट काढा, खिडकी चालू असेपर्यंत उघडा, आधी मुलांना बाहेर काढा आणि लगेच स्वतः बाहेर पडा.

तासन् तास अडकलात तर?

जानेवारी 2022 मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनियात बर्फामुळे अनेक गाड्या महामार्गावर 24 तासांहून अधिक काळ अडकल्या. त्याच आठवड्यात पाकिस्तानातल्या मरी इथे बर्फात अडकून किमान 22 जणांचा जीव गेला. सायलेन्सर बर्फाने बुजला की इंजिनमधला कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो. त्याला वास नसतो, त्यामुळे तो कळतही नाही. सायलेन्सर चिखलाने बुजला तरी हाच धोका असतो.

आपल्याकडे बर्फ नसला, तरी घाटात दरड कोसळली की रात्र गाडीत काढावी लागू शकते. गणपतीला कोकणात निघताना पाणी, सुका खाऊ, रोजची औषधं, टॉर्च आणि चार्ज केलेली पॉवर बँक सोबत घ्या. औषधं आणि पॉवर बँक मात्र उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. मदतीसाठी 112, तर राष्ट्रीय महामार्गावर 1033 हा क्रमांक आहे.

डिकीत काय?

स्टेपनी, जॅक, टो करायची दोरी. रिफ्लेक्टिव्ह त्रिकोण मात्र सामानाखाली गाडू नका.

आज गाडीत बसाल तेव्हा बेल्ट लावा आणि हात पुढे करून पाहा. काच फोडायचं साधन हाताला लागलं नाही, तर आधी त्याची जागा बदला.