जाळीतला चेंडू, झेंड्याचा प्रश्न

२०२८ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेट असणार, हे तुम्हाला ठाऊकच आहे. घरात कुणी ना कुणी एव्हाना ते दहा वेळा ऐकवलं असेल. पण क्रिकेटसोबत आणखी चार खेळांना प्रवेश मिळाला, हे किती जणांच्या लक्षात आहे? ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलात आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची बैठक भरली होती, तिथे हे ठरलं. स्क्वॉश, बेसबॉल-सॉफ्टबॉल, फ्लॅग फुटबॉल आणि लॅक्रॉस. यातलं शेवटचं नाव घेतलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "म्हणजे काय असतं?"

तर आधी हॉकी डोळ्यांसमोर आणा. आता हॉकीच्या काठीचं वाकडं टोक काढून टाका आणि तिथे जाळीची छोटी, खोलगट झोळी बसवा. चेंडू जमिनीवर ढकलायचा नाही. तो झोळीत झेलायचा, झोळीत घेऊन पळायचं, झोळीतूनच सोबत्याकडे फेकायचा आणि शेवटी समोरच्या गोलमध्ये मारायचा. हात लावायला परवानगी नाही, अपवाद फक्त गोलरक्षकाचा. चेंडू भरीव रबराचा, टेनिसच्या चेंडूएवढा, पण वजनाला क्रिकेटच्या चेंडूपेक्षा थोडाच हलका.

तुम्ही म्हणाल, पळताना चेंडू झोळीतून पडत नाही का? काठी स्थिर धरली तर हमखास पडतो. म्हणून खेळाडू पळता पळता मनगटाने काठी सतत मागेपुढे झुलवत असतो. त्या हालचालीमुळे चेंडू जाळीला चिकटून राहतो. पाण्याची बादली जोरात गोल फिरवली तर पाणी सांडत नाही, तसंच काहीसं. या कसबाला इंग्रजीत जे नाव आहे, त्याचा अर्थ चक्क पाळणा झुलवणं. ते नीट जमलं की अर्धा लॅक्रॉस आला समजा.

मला या खेळातली सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे गोलच्या मागची जागा. फुटबॉल-हॉकीत गोलरेषेपाशी मैदान संपतं. इथे गोल मैदानाच्या थोडा आत असतो आणि खेळाडू त्याच्या मागे जाऊन तिथूनही डाव रचू शकतात. बिचाऱ्या गोलरक्षकाला पुढेही बघायचं आणि मागेही! त्याला वाचवायला गोलभोवती एक वर्तुळ आखलेलं असतं, त्यात हल्ला करणाऱ्याने पाय ठेवायचा नाही.

मूळ मैदानी खेळात एका बाजूला दहा खेळाडू असतात. पुरुषांच्या सामन्यात खांद्याने धक्का देता येतो, म्हणून शिरस्त्राण आणि जाड हातमोजे लागतात. स्त्रियांच्या खेळात अंगाला अंग भिडवण्यास मनाई आहे, पण दातांना कवच हवंच. ऑलिंपिकमध्ये दिसेल तो याचा आटोपशीर अवतार. सहा विरुद्ध सहा, ७० बाय ३६ मीटरचं मैदान, म्हणजे हॉकीच्या मैदानाच्या साधारण निम्मं, आणि आठ-आठ मिनिटांचे चार भाग. चेंडू ताब्यात आल्यापासून ३० सेकंदांत गोलवर फटका मारायचा, नाहीतर चेंडू गेला समोरच्यांकडे. आपल्या कबड्डीत चढाईलाही ३० सेकंदच मिळतात, त्यामुळे ही घाई तुम्हाला ओळखीची वाटेल.

दिल्ली-नोएडाकडच्या वाचकांना एक सूचना. मुलांनी व्हिडिओ बघून काठी मागितलीच, तर सुरुवात मऊ चेंडूने आणि बागेत करू द्या. सोसायटीच्या पार्किंगमध्ये नको. गाडीच्या काचा महाग असतात.

आता या खेळाच्या खऱ्या मालकांबद्दल. लॅक्रॉस हा उत्तर अमेरिकेतल्या मूलनिवासींचा खेळ. अमेरिकेचं न्यूयॉर्क राज्य आणि कॅनडा यांच्या सीमेच्या दोन्ही बाजूंना होडेनोशोनी राहतात. हा सहा राष्ट्रांचा संघ, मोहॉक आणि ओनोंडागा त्यांतलेच. त्यांच्यात कुणी आजारी पडलं तर त्याला बरं वाटावं म्हणूनही हा खेळ खेळतात. हिकरीच्या लाकडाची काठी पवित्र मानतात. तिला बायकांनी हात लावू नये असा जुना संकेत होता. त्यांच्या मुलींनी संघ काढला तेव्हा घरातूनच विरोध झाला, तरी आज तो महिला संघ जागतिक स्पर्धांत खेळतो.

सतराव्या शतकात फ्रेंच धर्मप्रचारकांनी हा खेळ पाहिला, आणि त्याचं आजचं नाव फ्रेंचमधलंच. १८६७ मध्ये माँट्रियलच्या विल्यम जॉर्ज बीअर्स या दंतवैद्याने त्याचे नियम छापले. पुढे मूलनिवासी खेळाडूंना 'व्यावसायिक' ठरवून गोऱ्यांच्या अजिंक्यपद स्पर्धांतून बाहेर काढण्यात आलं. आपल्याकडे खो-खोचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात बसवले गेले, म्हणजे खेळणाऱ्यांनीच ते लिहिले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममध्ये खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला. होडेनोशोनींच्या वाट्याला हे सुख इतक्या सहज आलं नाही.

२०१० मध्ये जागतिक स्पर्धेसाठी त्यांचा संघ मँचेस्टरला निघाला होता. खेळाडूंकडे स्वतःच्या राष्ट्राचे पासपोर्ट होते. ब्रिटनने ते मानले नाहीत आणि संघ न खेळताच राहिला. २०२२ च्या वर्ल्ड गेम्ससाठी आधी त्यांना वगळलं गेलं, तेव्हा आयर्लंडच्या पुरुष संघाने आपली जागा सोडली आणि त्यांना खेळता आलं. २०२३ च्या पुरुषांच्या जागतिक स्पर्धेत त्यांनी कांस्यपदक जिंकलं. म्हणजे प्रश्न कुवतीचा नाहीच.

प्रश्न झेंड्याचा आहे. ऑलिंपिकमध्ये मान्यताप्राप्त राष्ट्रीय समितीमार्फतच संघ पाठवता येतो, आणि होडेनोशोनींकडे अशी समिती नाही. ऑलिंपिक समितीचं म्हणणं, अमेरिकेकडून खेळा नाहीतर कॅनडाकडून. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बायडेन यांनी, त्यांना स्वतःच्या झेंड्याखाली खेळू द्यावं, असं सांगून पाहिलं. तरी समितीची भूमिका तीच राहिली.

स्वतंत्र देश नाही, म्हणून जागा नाही, हे कारण मला पटत नाही, आणि ते आपल्याच इतिहासामुळे. १९१९ मध्ये डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत दोराबजी टाटांनी धावपटू पाहिले आणि भारताचा संघ ऑलिंपिकला पाठवायचं मनावर घेतलं. १९२० मध्ये अँटवर्पला बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. तेव्हा आपल्या देशावर इंग्रजांचं राज्य होतं, स्वातंत्र्य २७ वर्षं दूर होतं. तरी चौगुले धावले ते भारताचे म्हणून. ब्रिटनच्या संघातून धाव, असं त्यांना कुणी सांगितलं नाही.

लॉस एंजलिसमध्ये लॅक्रॉसला पुरुषांचे सहा आणि स्त्रियांचे सहा संघ असतील.