साठ साड्या आणि शंभरचा नियम



दशलक्षण पर्वात आपल्यातील अनेकजणी परिग्रह परिमाणाचा नियम घेतात. घर, सोने-चांदी, धान्य, वस्त्रे, भांडी, सगळ्यांची मर्यादा लिहून ठेवतात. पण खरे सांगा, ही मर्यादा आपण कुठे आखतो? कपाटात 60 साड्या असतील तर नियम 100 चा. सोने 15 तोळे असेल तर नियम 50 तोळ्यांचा. असा नियम वर्षभर मोडत नाही, कारण तो आपल्याला कधी अडवतच नाही. व्रत घेतल्याचे पुण्य मनात मोजून होते आणि खरेदीची यादी तशीच वाढत राहते.

या व्रताला इच्छापरिमाण असेही म्हणतात. तत्त्वार्थसूत्रात उमास्वामींनी मूर्च्छेला, म्हणजे वस्तूत जीव अडकण्याला परिग्रह म्हटले आहे. वस्तू मोजता येतात, अडकलेला जीव कसा मोजायचा? 'मला आता काही नको' असे नुसते घोकून इच्छा थांबत नाही. मन दुसऱ्याच्या गरजेत गुंतले की मात्र ती मागे पडते, असे माझे मत आहे. आपल्या शास्त्रांनी श्राविकेला व्रतांबरोबर आहार, औषध, शास्त्र आणि अभय ही चार दानेही सांगितली, ती उगीच नाहीत.

गिरगावात सी. पी. टँकला हिराबाग धर्मशाळा आहे. ती बांधणारे दानवीर माणिकचंद हिराचंद हे जवाहिराचे मोठे व्यापारी. त्यांच्या कन्या मगनबाई ऐन तारुण्यात विधवा झाल्या. त्या काळी विधवेला घरात कोपरा दाखवत. मगनबाईंना वडिलांनी शिकवले, त्यांनी शास्त्रांचा अभ्यास केला आणि पुढे ताडदेवच्या श्राविकाश्रमात आपल्यासारख्याच विधवा, निराधार स्त्रियांना शिकवून उभे केले. माहेरी मोत्यांना तोटा नव्हता, पण मोत्यांनी त्यांचे दुःख भरून निघाले नसते.

आपल्याला आश्रम काढण्याची गरज नाही. आपण हिंदमाताला साड्या घ्यायला जातो, तिथून चालत जाण्याइतक्या अंतरावर परळचे टाटा रुग्णालय आहे. 1941 पासून तिथे कर्करोगाचे रुग्ण येत आहेत, तेही देशाच्या कानाकोपऱ्यातून. उपचार महिनोन्‌महिने चालतात. मुंबईत भाड्याची खोली परवडत नाही. दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी जागा मिळाली तर ठीक, नाहीतर फूटपाथवर पथारी. अशांना हरखचंद सावला यांच्या जीवनज्योत ट्रस्टने मोफत जेवण द्यायला सुरुवात केली. घरोघरची रद्दी गोळा करून मदतीसाठी पैसा उभा केला, आजारी मुलांसाठी खेळणी जमवली. आपल्या माळ्यावर पडून असलेली रद्दी कुणाच्या तरी उपयोगी पडते, हे तिथे दिसते.

'मुलीचे लग्न होऊ दे, मग सेवा करीन,' असे अनेकजणी म्हणतात. घर आधी, हे मलाही मान्य आहे. सासूबाईंची गोळी चुकवून कुणी परळला जाऊ नये. पण लग्नानंतर बाळंतपण येते, मग मोठा फ्लॅट, मग नातवाची शाळा. हे 'मग' संपत नाही. महिन्यातून एक दिवस आजच काढता येतो. सूर्यास्तापूर्वी पोहोचेल असा, कांदा-लसूण नसलेला साधा डबा करता येतो. फक्त रुग्णाला काय चालते, ते आधी विचारावे.

आणखी एक. सेवेतही इच्छा शिरते. फोटो हवा, पाटीवर नाव हवे. मुनीमहाराजांना आहार देताना आपण मनशुद्धी, वचनशुद्धी, कायशुद्धी म्हणतो. बिहारहून आलेल्या त्या माउलीच्या हातात डबा देतानाही तीच शुद्धी असावी. मुनींपुढे हात जोडतो आणि तिच्यापुढे उपकार केल्याचा चेहरा करतो, हे बरोबर नाही.

म्हणून यंदा नियम घ्याल तेव्हा आहे त्याच्या खाली घ्या. साड्या 60 असतील तर नियम 40 चा. उरलेल्या 20 मध्ये चांगल्या, नेसण्याजोग्या साड्याही असू द्या, नुसत्या विटलेल्या नकोत. देताना थोडे जिवावर येईल. तेवढीच आपली मूर्च्छा सुटली असे समजा.

जय जिनेंद्र!