अड्याळच्या बांधीतली गाठ

स्तनाचा कर्करोग हा शहरी, सुखवस्तू आणि पाश्चात्त्य स्त्रियांचा आजार असून, लवकर लग्न झालेल्या, चार लेकरांना अंगावर पाजलेल्या आणि उन्हातान्हात राबणाऱ्या बाईला त्याचे भय नाही, हे मत भंडारा जिल्ह्यातील अड्याळसारख्या धानपट्ट्यातील गावांतच नव्हे, तर शिकल्यासवरल्या मंडळींतही रूढ आहे. या मताला आकड्यांचा आधार मुळीच नाही असे नाही, आणि खंडनापूर्वी तो प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. वयप्रमाणित दर, म्हणजे सर्व प्रदेशांतील तरुण-वृद्धांचे प्रमाण सारखे धरून एक लाख स्त्रियांमागे वर्षाला काढलेला नव्या रुग्णांचा दर, ऑस्ट्रेलियात शंभराच्या आसपास, तर भारतात सत्तावीसच्या आसपास आहे. महाराष्ट्रातही मुंबईच्या कर्करोग नोंदणीतील दर, १९८७ पासून बार्शीच्या ग्रामीण भागात चालू असलेल्या नोंदणीतील दराच्या दुपटीहून अधिक आढळतो.

मात्र हा फरक मातीचा किंवा रक्ताचा गुण नव्हे. तीस देशांतील अभ्यास एकत्र करून २००२ साली निघालेल्या निष्कर्षानुसार प्रत्येक बाळंतपणामागे हा धोका सुमारे ७ टक्क्यांनी, आणि अंगावर पाजण्याच्या प्रत्येक बारा महिन्यांमागे ४.३ टक्क्यांनी घटतो. मुंबईच्या एकाच हवापाण्यात राहणाऱ्या पारशी स्त्रियांत, ज्यांची लग्ने उशिरा होतात आणि मुले थोडी असतात, हा रोग इतरांहून अधिक दिसला; जपानमधून अमेरिकेत गेलेल्या कुटुंबांत तर तो पिढीगणिक वाढत गेला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील दर स्त्रीमागे अपत्यांची सरासरी १.७ निघाली आहे, म्हणजे पूर्वपक्षातील चार लेकरांची आई आजच्या तरुण पिढीत विरळाच उरली आहे.

पूर्वपक्षाची मोठी चूक याहून वेगळी आहे. रोग विरळा असणे आणि रोग झालेली बाई वाचणे या दोन गोष्टींची तो गल्लत करतो. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार अमेरिकेत सुमारे २ लाख ७४ हजार नव्या रुग्णांच्या तुलनेत मृत्यू ४३ हजारांच्या आसपास होते. भारतात नव्या रुग्ण सुमारे १ लाख ९२ हजार, आणि मृत्यू मात्र ९८ हजार. हे अंतर बव्हंशी गाठ कळल्यापासून उपचार मिळेपर्यंतच्या काळात पडते. रोवणीच्या दिवसांत पऱ्ह्याची पेंढी हातात घेऊन बांधीत दिवसभर वाकलेल्या बाईला काखेजवळ गाठ लागते, ती दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणूनच ती रोवणी उरकेपर्यंत, मग धान कापेपर्यंत कोणाला सांगितली जात नाही. सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही, ही एवढी माहितीही घरोघर पोहोचलेली नाही, ही खरी हानी आहे.

याउलट, भारतीय स्त्रियांना हा रोग दहा वर्षे आधी गाठतो, असेही ठासून सांगितले जाते. पण ज्या देशात तरुण स्त्रियांची संख्याच अधिक, तेथे रुग्णांचे सरासरी वय खाली दिसणारच. चाळिशीतल्या स्त्रियांची तुलना चाळिशीतल्यांशीच केली, तर दर पाश्चात्त्य देशांतच अधिक भरतो.

मग अड्याळला उपाय कोणता? स्तनाच्या क्ष-किरण तपासणीची महागडी यंत्रे गावोगाव येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडवस्त्यांतील दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर केलेल्या प्रयोगात, एका गटाची तपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने केली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत त्या गटात रोग आधीच्या टप्प्यावर सापडला आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांतील मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीआतील स्त्रियांत मृत्यूंची घट दिसली नाही, हेही लपवू नये. तिशीपुढील प्रत्येक स्त्रीची अशी तपासणी पाच वर्षांतून एकदा व्हावी, असे सरकारी धोरण २०१६ पासून आहे. तरीही वर उल्लेखलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या शंभर भारतीय स्त्रियांत एकीचीही तपासणी झालेली आढळली नाही. उपकेंद्रात दार लावून घेता येईल अशी एक खोली, शिकलेला बाईचाच हात, मृग लागण्यापूर्वीचे मोकळे दिवस, आणि गाठ सापडलेल्या बाईला सुई घालून करायच्या तपासणीसाठी भंडाऱ्याला किंवा नागपूरला जाण्याचे गाडीभाडे व बुडालेली मजुरी, एवढी तजवीज या तपासणीला लागते.