यंत्र अडले, ऐवज शाबूत

या सदराच्या वाचकांची वर्षभर जी पत्रे येतात त्यांत मिक्सरची कुरकुर असते, गिझरची गळती असते, इस्त्रीचे चटके असतात. पण गेली काही वर्षे एक प्रश्न त्यांत हटकून असतो. "कॉम्प्युटर सुरूच होत नाही. आतले सगळे गेले का हो?" विचारणारा कधी कॉलेजातला मुलगा असतो, कधी पेन्शनीत निघालेले गृहस्थ असतात, सूर मात्र सगळ्यांचा सारखाच घाबरलेला. म्हणून यंदाच्या दिवाळी अंकात चकलीच्या सोऱ्याला सुट्टी देऊन याच प्रश्नाचा समाचार घ्यावा म्हणतो.

खरे म्हणजे हा एक प्रश्न नव्हे, दोन आहेत. यंत्र सुरू होत नाही, हा पहिला. आतला ऐवज गेला का, हा दुसरा. आपण धास्तीपोटी या दोघांची गाठ मारतो, आणि पुढचा सारा घोटाळा त्या गाठीतून होतो. दाराचे कुलूप अडले म्हणजे कपाटातले दागिने गेले, असे कोणी म्हणत नाही. आणि कुलूप उघडत नाही म्हणून घर पाडायलाही कोणी निघत नाही. कॉम्प्युटरच्या बाबतीत मात्र भलेभले शहाणे नेमके तेच करतात.

कळ दाबल्यावर आत काय घडते ते एकदा पाहू. प्रथम वीज येते. मग मुख्य पाटीवर, म्हणजे मदरबोर्डवर, कायमचा वस्तीला असलेला एक छोटा प्रोग्रॅम जागा होतो आणि शाळेतल्या मास्तरांसारखी रॅम, पडदा, कळफलक यांची हजेरी घेतो. हजेरी झाली की तो डिस्क शोधतो. डिस्क सापडली की तिच्यावरून विंडोज उठून कामाला लागते आणि तुमचा पासवर्ड विचारते. या चार मुक्कामांपैकी कुठेही गाडी अडली तरी आपण एकच वाक्य बोलतो, "कॉम्प्युटर बंद पडला." परंतु तुमचे फोटो, पत्रे, हिशेब राहतात ते फक्त डिस्कवर. चार्जर मेला, रॅम सैल झाली, पडद्याची वायर निसटली किंवा विंडोजची एखादी फाईल बिघडली, तरी त्या ऐवजाच्या केसालाही धक्का लागलेला नसतो.

याचा जगाला एकदा मोठाच दाखला मिळाला. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीने आपल्या सुरक्षा प्रोग्रॅमची एक सदोष फाईल जगभर धाडली, आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे 85 लाख कॉम्प्युटर निळा पडदा दाखवून अडून बसले. विमाने खोळंबली, रुग्णालयांची कामे अडली. आपल्याकडे विमानतळावर प्रवाशांच्या हाती चक्क हाताने लिहिलेले बोर्डिंग पास पडले. मूळ चूक कंपनीने दीड तासाच्या आत सुधारली. पण जी यंत्रे आधीच आडवी झाली होती त्यांतली कितीतरी एकेक करून हाताने उठवावी लागली. उपाय काय होता? यंत्र 'सेफ मोड'मध्ये सुरू करायचे आणि ती एक फाईल काढून टाकायची. लोकांची कागदपत्रे होती तिथेच होती. यंत्रे अडली होती, ऐवज शाबूत होता.

तेव्हा यंत्र अडले की आधी दोन घोट चहा घ्यावा आणि गाडी कोणत्या मुक्कामावर थांबली ते पाहावे.

दिवाच लागत नसेल तर दोष विजेचा. प्लग दुसऱ्या सॉकेटात लावून पाहा, शेजाऱ्याचा त्याच जातीचा चार्जर लावून पाहा. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून सुरू करायची कळ अर्धा मिनिट दाबून धरा, सोडा, मग चार्जर लावून पुन्हा सुरू करा. आत अडकून राहिलेली वीज निघून जाते आणि पुष्कळदा सुंठीवाचून खोकला जातो. दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळाच, असे असेल तर पडद्याची वायर तपासा. लॅपटॉपला घरचा टीव्ही जोडून पाहा. टीव्हीवर चित्र आले तर बिघाड फक्त पडद्याचा. 'डिस्क सापडत नाही' अशा अर्थाचा मजकूर आला तर घाबरण्यापूर्वी लावून ठेवलेला पेन ड्राइव्ह काढा. पुष्कळदा यंत्र त्या बिचाऱ्याकडेच विंडोज मागत बसलेले असते. आणि कंपनीचे नाव दिसून पुढे नुसते चक्र फिरत राहिले, तर बहुधा विंडोजचे पोट बिघडले आहे.

या शेवटच्या प्रकारात दोन-तीनदा सुरू होण्यात अपयश आले की विंडोज स्वतःच दुरुस्तीचे पान उघडते. त्यावरचे 'स्टार्टअप रिपेअर' आणि 'अनइन्स्टॉल अपडेट्स' हे उपाय तुमच्या फायलींना हात लावत नाहीत. ते अवश्य करून पाहावेत. पण त्याच पानावर 'रिसेट धिस पीसी' नावाचा एक पाहुणा बसलेला असतो. तो दोन वाटा दाखवतो. 'कीप माय फाइल्स' म्हटले तर फायली ठेवून तुम्ही टाकलेले प्रोग्रॅम काढतो. 'रिमूव्ह एव्हरीथिंग' म्हटले तर नावाप्रमाणे सगळेच धुऊन काढतो. पहिली वाट त्यातल्या त्यात बरी; तरी ऐवज बाहेर काढल्याशिवाय दोन्हींकडे पाऊल टाकू नये.

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक वहिनी राहतात. त्यांचे यजमान शाळेत इतिहास शिकवीत. निवृत्तीनंतर त्यांनी आपल्या घराण्याची हकीकत टाइप करायला घेतली होती. कोकणातले गाव कधी सुटले, मुंबईत पहिले बिऱ्हाड कुठे केले, कोणाची कोणाशी सोयरीक झाली, असे सगळे. गेल्या वर्षी ते गेले. यंदा श्रावणात लॅपटॉपने चक्र फिरवायला सुरुवात केली. दुरुस्तीच्या दुकानात उत्तर मिळाले, "काही नाही, फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकून देतो. संध्याकाळी घेऊन जा." लॅपटॉप पिशवीत घालून वहिनी तो द्यायलाच निघाल्या होत्या, जिन्यात भेटल्या म्हणून बोलणे झाले.

मी विचारले, "वहिनी, आत काय काय आहे?"

"काही नाही हो भावोजी. माझी मेली भजनांची यादी, आणि ह्यांनी काय काय लिहून ठेवलंय ते."

"त्याची दुसरी प्रत?"

"दुसरी कशाला? त्यात आहे की!"

दुकानदाराच्या मनात काही वाईट नव्हते. त्याला यंत्र सुरू करून द्यायचे होते, आणि फॉरमॅटने ते खरोखरच सुरू झाले असते. पण फॉरमॅट म्हणजे डिस्क रिकामी करून नव्याने मांडणे. बिघाड विंडोजमध्ये आणि पुसायचे मास्तरांचे लिखाण. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! जुन्या फिरत्या डिस्कवरून पुसलेले पुन्हा थोडेफार उकरून काढता येत असे. नव्या एसएसडी डिस्कवर ती आशाही धरू नये. रिकामी झालेली जागा कोणती, हे यंत्र तिला कळवते आणि ती आपल्याआपण ती जागा साफ करते. एकदा साफ झाली की मोठा तज्ज्ञ आणला तरी हात हलवीत परत जातो.

म्हणून नियम असा, की आधी प्रत, मग दुरुस्ती. प्रत काढायला विंडोजची गरज नसते. दुसऱ्या चांगल्या कॉम्प्युटरवर उबुंटू नावाची फुकट मिळणारी कार्यप्रणाली उतरवून घ्यावी आणि ती 16 जीबीच्या एका रिकाम्या पेन ड्राइव्हवर रूफससारख्या प्रोग्रॅमने चढवावी. पेन ड्राइव्ह रिकामाच हवा, कारण त्यावरचे जुने सगळे पुसले जाते. तो अडलेल्या यंत्राला लावून यंत्र सुरू करताना एफ 12, एफ 9 किंवा एस्केप, त्या त्या कंपनीप्रमाणे जी कळ असेल ती दाबली की कशावरून सुरू करू, असे यंत्र विचारते. पेन ड्राइव्ह सांगावा. मग पडद्यावर 'ट्राय' आणि 'इन्स्टॉल' असे दोन पर्याय येतात. आपला पर्याय 'ट्राय'. 'इन्स्टॉल'च्या वाटेला जायचे नाही. 'ट्राय' म्हटल्यावर उबुंटू पेन ड्राइव्ह आणि रॅम यांवरच चालते, डिस्कला धक्का लावत नाही. आतले फोल्डर पाहुण्यासारखे उघडायचे, बाहेरची डिस्क जोडायची आणि 'कॉपी' करायचे. 'मूव्ह' नव्हे, 'कॉपी'.

वहिनींच्या घरी हे सगळे त्यांच्या भाच्याने केले. मी शेजारी बसून सूचना देण्याचे सोपे काम केले. 'घराणे' नावाचा फोल्डर दिसला. त्यात 38 प्रकरणे होती, शेवटचे अर्ध्या वाक्यावर थांबलेले. आधी ती बाहेरच्या डिस्कवर घेतली, एक प्रत मुलीला बंगळूरला पाठवली, आणि मग लॅपटॉप खुशाल दुकानात दिला. वहिनींनी ते अर्धे वाक्य दोनदा वाचले. म्हणाल्या, "ह्याच्या पुढचं मला माहीत आहे. मी लिहीन."

ज्यांना पेन ड्राइव्हचा खटाटोप नको त्यांच्यासाठी दुसरी वाट आहे. डिस्क यंत्रातून काढायची आणि यूएसबीला जोडणाऱ्या वायरीने किंवा डबीने दुसऱ्या कॉम्प्युटरला लावायची. ती मोठ्या पेन ड्राइव्हसारखी उघडते. हे काम कोणताही बरा कारागीर करतो. मात्र 'डेटा काढून द्या, पुसू नका' असे कागदावर लिहून घ्यावे. काही पातळ लॅपटॉपांत डिस्क पाटीवरच डाखलेली असते. ती निघत नाही, तिथे पहिलीच वाट धरावी.

दोन ठिकाणी मात्र सावध. फिरत्या डिस्कमधून टकटक किंवा खरखर असा आवाज येत असेल तर वीज ताबडतोब बंद करा. आत मिनिटाला 5400 किंवा 7200 फेऱ्यांनी चकती फिरत असते आणि केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी अंतरावरून तिच्यावरून वाचनाचे टोक सरकत असते. ते टोक चकतीला घासू लागले की प्रत्येक फेरीला थोडा थोडा ऐवज खरवडला जातो. 'पुन्हा एकदा सुरू करून पाहू' हा मोह इथे घातक. डिस्क तपासण्याचे प्रोग्रॅमही चालवू नयेत. हे काम धूळविरहित खोली असलेल्या डेटा रिकव्हरीवाल्यांचे. ते खर्चाचे असते, म्हणून ऐवजाचे मोल आधी ठरवावे.

दुसरी सावधगिरी कुलपाची. नव्या लॅपटॉपांत पुष्कळदा डिस्क आपोआप सांकेतिक लिपीत बंद केलेली असते. विंडोजमध्ये या कुलपाचे नाव बिटलॉकर. यंत्र नीट चालते तोवर कुलूप आहे हे कळतही नाही. दुरुस्तीच्या वेळी, किंवा डिस्क दुसरीकडे लावली की, ते 48 आकड्यांची किल्ली मागते. 2024 च्या त्या जुलैतही अनेक कार्यालये फाईल काढण्यापेक्षा किल्ल्या शोधण्यातच दमली. ही किल्ली बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ठेवलेली असते आणि मोबाइलवरूनही पाहता येते. ती हरवली तर डिस्क धडधाकट असूनही ऐवज गेलाच समजा. मोबाइल हातात आहेच तर त्या खात्यातला वनड्राइव्हही उघडून पाहा. पुष्कळांचे 'डेस्कटॉप' आणि 'डॉक्युमेंट्स' त्यांच्या नकळत तिथे चढलेले असतात. मात्र त्या भरवशावर निजू नये, कारण इथे पुसले की तिथलेही पुसले जाते.

प्रतींचा एक सोपा हिशेब पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने लोकप्रिय केला: प्रती 3, साधने 2 प्रकारची, आणि 1 प्रत घराबाहेर. एक लॅपटॉपात, एक कपाटातल्या डिस्कवर, एक लेकीकडे किंवा भावाकडे. व्यापारी लक्ष्मीपूजनाला नवी वही पुजतात, पण जुन्या वह्या फेकत नाहीत. आपण नवा लॅपटॉप पुजताना जुन्याची प्रत काढली की नाही एवढे विचारावे.

आणि पाडव्याच्या दिवशी, ओवाळणी झाल्यावर, आणखी एक पाच मिनिटांचे काम करा. बिटलॉकरची किल्ली शोधून ते 48 आकडे घरखर्चाच्या वहीत, पहिल्या पानावर, सुवाच्य अक्षरात उतरवा आणि घरातल्या दुसऱ्या एका माणसाला ते पान दाखवून ठेवा. लॅपटॉपमध्येच मात्र ते लिहून ठेवू नका. किल्ली घरात ठेवून दार ओढून घेतल्यासारखे होईल.