म्हातारीची झोप आणि मोडलेला खुबा



ऊस विकास अधिकाऱ्याने खोडव्यावर, बेण्यावर लिहावे; हे झोपेचे काय काढले, असे काहीजण म्हणतील. म्हणोत. लागणीच्या नोंदी घेत वस्त्यांवर फिरताना खुब्याचे हाड मोडून अंथरुणाला खिळलेल्या आज्या दिसतात. घरचे सांगतात, "पाय घसरला." का घसरला, ते कोणी विचारीत नाही.

अमेरिकेत सत्तरीच्या व त्यापुढच्या २,९७८ स्त्रियांच्या मनगटाला घड्याळासारखे यंत्र बांधून त्यांची झोप मोजली गेली, आणि पुढे वर्षभर कोण किती वेळा पडले याची नोंद ठेवली गेली. निष्कर्ष २००८ साली छापून आले. सात-आठ तास झोपणाऱ्यांच्या मानाने पाच तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्या बाया वर्षात दोनदा किंवा अधिक वेळा पडण्याची शक्यता सुमारे दीडपट निघाली. झोप लागल्यावर मधून मधून मिळून दोन तास किंवा जास्त जागणाऱ्यांतही पडण्याचे प्रमाण अधिक होते. आता एका चाचणीवरून आपण उसाच्या जातीचीसुद्धा शिफारस करीत नाही, हे खरे. शिवाय गुडघा दुखत असला की झोपही जाते आणि तोलही जातो. पण इशारा म्हणून एवढे पुरे आहे.

आपल्याकडे काय होते बघा. ज्या फिडरला अजून रात्रीची पाळी आहे, तिथे पोरगा दोन वाजता मोटार चालू करायला उठतो, दार वाजते, कुत्री भुंकतात, म्हातारी जागी होते ती होतेच. मग परसातल्या संडासाकडे निघते. दिवा नाही, डोळ्यात मोतीबिंदू, उंबरा वीतभर उंच. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली सुरू झाली, तेव्हापासून दिवसा विजेची चर्चा पाण्यापुरतीच होते. ती मागणी म्हातारीच्या झोपेसाठीही लावून धरावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरे दुखणे गोळ्यांचे. झोप येईना म्हणून शेजारणीची गोळी मागून घ्यायची, नाहीतर पोराला मेडिकलात पाठवायचे. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय या गोळ्या देऊ नयेत असा कायदा आहे. त्यांची गुंगी पहाटेपर्यंत राहते आणि म्हातारे माणूस उठताना झोकांडी खाते. (मात्र रोजची गोळी एकदम तोडू नका, तेही घातक.) वरच्या पाहणीत कमी झोपेचा संबंध गोळ्यांचा हिशेब धरूनही उरला, म्हणजे नुसत्या गोळ्यांवर खापर फोडून भागत नाही.

आरोग्य शिबिरात आपण रक्तदाब बघतो, साखर बघतो, डोळे बघतो. झोप विचारीत नाही. संचालक मंडळाने शिबिराच्या फॉर्मवर तीन ओळी वाढवाव्यात: रात्री झोप किती, उठणे किती वेळा, वर्षात पडणे झाले काय. आणि सभासदांनी आईला शिबिरात आणताना तिच्या उशाखालची गोळ्यांची पाकिटे बरोबर आणावीत, सगळी.

— ऊस विकास अधिकारी