कसरत म्हणे!

एखादे नवे संगीत झिडकारायचे असले म्हणजे आपल्याकडे दोन शब्द नेहमी हाताशी असतात. एक ‘गोंगाट’ आणि दुसरा ‘कसरत’. पहिला शब्द ज्याने ऐकलेच नाही त्याचा. दुसरा ज्याने अर्धवट ऐकले त्याचा. गोंगाटवाल्यांशी माझे भांडण नाही. मोठा आवाज ज्यांच्या कानांना सोसत नाही त्यांनी दार लावून घ्यावे, तो त्यांचा हक्क आहे. माझे भांडण आहे ते कसरतवाल्यांशी. ही माणसे जाणती असतात. त्यांनी रात्र रात्र मैफली ऐकलेल्या असतात. “तयारी दांडगी आहे हो, पण भाव कुठे आहे?” हे वाक्य ती सुपारी कातरता कातरता टाकतात, आणि ते एकदा टाकले की पुढचे ऐकण्याची जबाबदारी संपली!

प्रोग्रेसिव्ह मेटल ह्या प्रकाराला तर हे वाक्य पाळण्यातच चिकटले आहे. विजेच्या गिटारींचा भरडा, जड नाद हा हेवी मेटलचा. त्यावर दहा-दहा, वीस-वीस मिनिटांच्या रचना, विषम मात्रांचे ठेके आणि मध्येच कूस पालटणारी लय. असा हा संसार. मग जाणत्यांनी नाक मुरडले नाही तरच नवल. पण गंमत अशी, की सात मात्रांचा रूपक आणि दहा मात्रांचा झपताल ज्यांच्या अंगात मुरला आहे, जयपूर-अत्रौलीच्या पेचदार तानेचे एकेक वळण जे बोटांवर मोजून दाखवतात, तेच रसिक परक्या माणसाने सात मात्रा वाजवल्या की त्याला डोंबाऱ्याच्या पंक्तीला बसवतात. आपला तो हिशेब आणि दुसऱ्याची ती कसरत! ह्याला न्याय म्हणत नाहीत.

हवेत बोलण्यापेक्षा एकच उदाहरण घेतो. अमेरिकेतील ‘ड्रीम थिएटर’ नावाच्या वाद्यवृंदाचा दुसरा अल्बम, ‘इमेजेस अँड वर्ड्स’. तो बाजारात आला ७ जुलै १९९२ रोजी. पण मला त्याचे बाजारात येणे सांगायचे नाही. तो कसा घडला ते सांगायचे आहे.

गिटारवाला जॉन पेट्रुची, बेस गिटारवाला जॉन माऊंग आणि ड्रम वाजवणारा माइक पोर्टनॉय ह्या तिघांची गाठ १९८५ साली बोस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात पडली. तिघेही न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडचे. पेट्रुची आणि माऊंग तर शाळेपासूनचे सोबती. त्याच शाळेतला केव्हिन मूर पियानो आणि की-बोर्डसाठी येऊन मिळाला. पुढे पदवीचा नाद सोडून ही मुले घरी परतली आणि किरकोळ कामे, शिकवण्या सांभाळून सराव करू लागली. १९८९ साली पहिला अल्बम निघाला. एका लहान कंपनीने काढला, तुटपुंज्या पैशात काढला. साऱ्या मुद्रणाचा उरक तीन आठवड्यांत! दौऱ्याचे आश्वासन होते. प्रत्यक्षात घराच्या आसपास पाच कार्यक्रम झाले. अल्बम पडला. वर्ष संपण्याच्या आत गायक चार्ली डॉमिनिची ह्यांच्याशीही फारकत झाली.

आता पाहा. हातात कंपनी नाही, पुढे गायक नाही, गाठीला पैसा नाही. शहाण्या माणसाने अशा वेळी काय करावे? मिळेल तो गायक पकडावा, चार सोपी गाणी बांधावी आणि पोटाला लागावे. ह्या चौघांनी ते केले नाही. एकामागून एक गायक तपासले. एक तर एका कार्यक्रमापुरता टिकला. जो जमला नाही त्याला सोडले आणि ते पुन्हा वाट पाहत बसले. बसले म्हणजे स्वस्थ बसले नाहीत, हे महत्त्वाचे. ह्या रिकाम्या काळात रोज एकत्र बसून ते रचना बांधीत होते, मोडीत होते, पुन्हा बांधीत होते. १९९१ साली कॅनडातून जेम्स लाब्री आला तेव्हा त्याच्यापुढे आठ-आठ, अकरा-अकरा मिनिटांच्या इमारती जवळजवळ उभ्याच होत्या. त्याने आत येऊन दिवे लावायचे होते.

ध्वनिमुद्रिकांच्या धंद्यात एक समज आहे, की पहिल्या अल्बमला सारे आयुष्य मिळते आणि दुसऱ्याला जेमतेम वर्ष. म्हणून दुसरा लंगडतो. इथे नेमके उलटे झाले. पहिला तीन आठवड्यांत उरकला आणि दुसऱ्याला मिळाली दीर्घ, सक्तीची, उपाशी उमेदवारी. आमच्याकडे ह्याला रियाज म्हणतात. आणि गुरूच्या घरी वर्षानुवर्षे एकच पलटा घोटणाऱ्या शिष्याच्या गोष्टी आपण डोळ्यांत पाणी आणून सांगतो. मग हे कोण?

बरे, ह्या सगळ्या मेहनतीतून निघाले ते काय? नुसती बोटे? कसरतवाल्यांनी जरा गाण्यांचे विषय तरी विचारावेत. ‘अनदर डे’ हे गाणे पेट्रुचीने लिहिले ते कर्करोगाशी झुंजणाऱ्या वडिलांवरून. त्यातला सॅक्सोफोन वाजवला आहे जे बेकनस्टाइन ह्यांनी. सफर्न गावातला ज्या बेअरट्रॅक्स स्टुडिओत हे मुद्रण झाले त्याचे मालक हेच. माऊंग हा माणूस मुलाखतीतसुद्धा चार शब्दांवर पाचवा बोलत नाही. त्याने शेवटचे ‘लर्निंग टू लिव्ह’ लिहिले ते एड्सविषयी. एड्स म्हणजे मरण, औषध नाही, आणि वर समाजाची हेटाळणी, असा तो काळ होता. साडेअकरा मिनिटांचे ते गाणे. त्याच्या आधी ‘वेट फॉर स्लीप’ हे अडीच मिनिटांचे छोटे गाणे येते, बहुतेक नुसता पियानो आणि कंठ. आणि मग पुढच्या त्या प्रचंड रचनेच्या गर्दीत ह्या लहानग्या गाण्यातला स्वरसमूह हळूच पुन्हा डोकावतो. माजघरात लावलेल्या समईचा उजेड अंगणातून दिसावा तसा. ज्याला हे ऐकू आले नाही त्याने खुशाल आवडले नाही म्हणावे. पण “भाव नाही” असा निकाल देऊ नये. भाव होता, आपला कान तिथवर गेला नाही.

आता ह्या अल्बमातला एक दोष मी स्वतःच सांगतो, कारण तो माझ्याच बाजूचा पुरावा आहे. मुद्रण १९९१च्या शरदात सुरू झाले. निर्माते होते डेव्हिड प्रेटर. त्यांनी हट्टाने पोर्टनॉयच्या ड्रमला ‘ट्रिगर’ बसवले. म्हणजे काय, तर कातड्यावर टिपरी पडली की एक यंत्र त्या आघाताची वर्दी घेते आणि आधीच साठवून ठेवलेला, घासूनपुसून लखलखीत केलेला ठोका त्याच्या जागी वाजवते. पोर्टनॉयला हे मुळीच रुचले नाही. दोघांची तणातणी झाली आणि पुढेही त्याने आपली नाराजी लपवली नाही. तबलजीला सांगून पाहा, की तुमची ‘ना’ आणि तुमची ‘धिन्’ आम्ही काढून टाकतो, तिथे एकसारखी छापील ‘ना’ बसवतो! तो तबला उचलून घरी जाईल. आज तो अल्बम ऐकताना कुठे कोरडे वाटते? नेमके त्या ठोक्यांत. जिथे माणसाची मेहनत होती तिथे ओलावा आहे, आणि जिथे मेहनतीच्या जागी यंत्राची सफाई आली तिथे तो आटला आहे.

व्यापाऱ्यांची गोष्टही थोडक्यात सांगतो. ‘अ‍ॅट्को’ ह्या कंपनीने ह्यांना घेतले ते डेरेक शुलमन ह्यांच्यामुळे. हे गृहस्थ स्वतः ‘जंटल जायंट’ ह्या वाद्यवृंदाचे जुने गायक. असल्या अवघड संगीताशी त्यांचे रक्ताचे नाते. तरीही कंपनी ती कंपनी. वाद्यवृंदाला दुहेरी अल्बम हवा होता. तो नाकारला गेला आणि सर्वांत मोठी रचना, ‘अ चेंज ऑफ सीझन्स’, बाहेर राहिली. त्याच सुमारास, सप्टेंबर १९९१ मध्ये, ‘निर्वाणा’चा ‘नेव्हरमाइंड’ निघाला होता आणि सगळा वारा साध्यासुध्या, थोडक्या सुरांच्या गाण्यांकडे फिरला होता. अशा मोसमात आठ मिनिटांचे ‘पुल मी अंडर’ कोण ऐकणार? पण रेडिओवाल्यांनी ते वाजवले, लोकांनी पुन्हा मागितले, आणि ‘बिलबोर्ड’च्या रॉक गाण्यांच्या यादीत ते दहाव्या क्रमांकापर्यंत चढले. पुढे अमेरिकेत अल्बमला सुवर्णदर्जा मिळाला; तिकडे तो पाच लाख प्रतींना देतात. सामान्य माणसाला सोपेच लागते, हे व्यापाऱ्यांचे आणि जाणत्यांचे आवडते मत एकाच वेळी खोटे पडले.

ह्याच मंडळींनी पुढे काही ठिकाणी वेगासाठी वेग केला आहे, आणि तिथे मलाही जांभई येते. पण उस्तादांच्या तानबाजीलाही येते. म्हणून कोणी ख्यालगायकी रद्द ठरवीत नाही.

हे सारे दिवाळीच्या अंकात लिहायचे कारण असे, की हा वाद मैफलीत नाही, घराघरांत चालू आहे. थोरली तबल्याला बसली की शेजारीसुद्धा कौतुकाने डोकावतात, आणि धाकट्याने गिटारीवर तोच एक तुकडा शंभर वेळा घासला की, “बंद कर ती थेरं!” त्याने कानांत यंत्र घालून वाजवले तरी, “अभ्यास सोडून कसली ही खूळं?” दोघांच्या बोटांना सारखेच घट्टे पडतात. दोघेही मात्राच मोजत असतात. पण एकाच्या मोजण्याला आपण साधना म्हणतो आणि दुसऱ्याच्या मोजण्याला वाया जाणे. धाकट्याला एकदा विचारा तरी, की बाबा रे, हे तू सात मोजतोस की नऊ? तो चकित होईल, आणि उत्तर देईल. तेवढ्यानेही निम्मे भांडण मिटेल.

ती बाहेर राहिलेली रचना अखेर १९९५ साली निघाली. श्रोत्यांचा आग्रह थांबेना, म्हणून त्याच स्टुडिओत ती पुन्हा नीट मुद्रित झाली. शब्द पोर्टनॉयचे आहेत. त्याची आई १९८४ साली विमान अपघातात गेली, त्यावरून लिहिलेले. लांबी तेवीस मिनिटे. कसरतवाल्यांना माझी विनंती एवढीच, की फराळाचे ताट बाजूला सारून ती एकदा सलग ऐकावी, आणि मध्ये उठू नये.